वाद्याकडून शब्दाकडे : एडी कामाए यांचे कार्य

एडी कामाए (१९२७–२०१७) यांचे मूल्यमापन बहुधा युकुलेलेवादक म्हणूनच केले जाते. १८७९ साली मदीरा बेटावरील पोर्तुगीज स्थलांतरितांबरोबर हवाईत आलेल्या लहान तंतुवाद्यापासून युकुलेले घडले. प्रामुख्याने साथीच्या या वाद्यावर कामाए यांनी सुरावट आणि स्वरसंघात एकाच वेळी वाजवून दाखविले. हे कौशल्य निर्विवाद होय. तथापि त्यांच्या प्रभावाचे मूळ त्यात नाही.

प्रारंभी त्यांचा ओढा जाझ व लॅटिन अमेरिकन संगीताकडे होता. देशी गीतांत त्यांना गोडी नव्हती. १९५९ च्या सुमारास गिटारवादक गॅबी पाहिनुई यांच्या सहवासाने ही दृष्टी पालटली आणि ‘सन्स ऑफ हवाई’ हा वृंद उभा राहिला. पुढे १९५७ च्या हवाईयन कोशाच्या सहकर्त्या मेरी कावेना पुकुई यांच्या मार्गदर्शनाने कामाए जुन्या गीतांचे पाठ व त्यांतील स्थळे धुंडाळू लागले. या शोधातच वाइपिओ खोऱ्यातील वृद्ध गीतकार सॅम लिआ त्यांना भेटले.

१८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच माध्यम झाले आणि पुढील पिढ्यांची मातृभाषा दुरावली. अशा वेळी केवळ चाल जपून भागत नाही. हवाईयन गीतात ‘काओना’ म्हणजे गूढार्थ असतो : पाऊस, फूल वा स्थलनाम यांच्या आडून व्यक्ती सूचित होते. आपल्याकडील ध्वनीशी त्याचे साम्य दिसते. परंतु ध्वनी सहृदयास प्रतीत होतो, तर काओना पुष्कळदा त्या स्थळाची व प्रसंगाची माहिती असणाऱ्यालाच कळतो. जाणकार गेला की अर्थही गेला. म्हणूनच कामाए यांची भ्रमंती ही एक प्रकारची पाठचिकित्साच ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो. ध्वनिमुद्रणाने एकच पाठ रूढ होतो, मौखिक पाठभेद मागे पडतात. शिवाय भाषा न जाणणारा श्रोता सुरांवरच संतुष्ट राहतो. आक्षेप निराधार नाही. परंतु कामाए केवळ संग्राहक नव्हते. ‘ए कूऊ मॉर्निंग ड्यू’ या नव्या गीतास त्यांनी चाल दिली. शब्द लॅरी किमुरा यांचे होते. हेच किमुरा पुढे, १९८३ मध्ये, बालकांना हवाईयन माध्यमातून शिकविणाऱ्या ‘पूनाना लेओ’ संस्थेच्या संस्थापकांत होते. गीताने भाषा वाचविली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र जुन्या भाषेत नवे गीत रचता येते, याचा प्रत्यय त्याने दिला. परंपरा जन्मतः लाभत नाही, ती शब्दशः शिकावी लागते, हाच कामाए यांच्या साधनेचा निष्कर्ष होय.