मित्रकीटक कोणाचा मित्र?

जैविक कीडनियंत्रणाविषयीच्या लेखनात फिजी बेटांची गोष्ट हमखास येते. ती थोडक्यात अशी : विती लेवू बेटावर लेवुआना नावाच्या छोट्या जांभळट-निळ्या पतंगाच्या अळ्या नारळाची पाने फस्त करीत. १९२५ साली टॉटहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मलायातून बेसा रिमोटा ही परजीवी माशी आणून सोडली. दोन-तीन वर्षांत पतंग दिसेनासा झाला आणि खोबऱ्याचा धंदा वाचला. १९३० साली टॉटहिल, टेलर व पेन यांनी या मोहिमेवर ग्रंथही लिहिला. गोष्ट खरी आहे. माझा आक्षेप आहे तो ती जिथे संपवली जाते त्याला.

प्रथम ही माशी पाहू. बेसा हे एका जातीचे नव्हे, तर प्रजातीचे नाव आहे. तिच्यातील माश्या टॅकिनिडी कुलातल्या. मादी यजमान अळीच्या अंगावर बाहेरून अंडे चिकटवते. अंड्यातून निघालेले माशीचे पिल्लू यजमानाच्या शरीरात शिरून त्याला आतून खाते आणि शेवटी मारते. अंडे फुटण्यापूर्वीच यजमानाने कात टाकली, तर अंडेही कातीबरोबर गळून पडते.

याच प्रजातीतील बेसा हार्वेई ही उत्तर अमेरिकेतील माशी करवतमाशीच्या अळ्यांवर वाढते. करवतमाशी ही नावापुरती माशी. ती मुंग्या-मधमाश्यांच्या गणातली. मोहरी व मुळ्यावर आपल्याकडेही तिची एक जात आढळते. तिची अळी पतंगाच्या अळीसारखी दिसते, पण पोटाखालचे मांसल पाय मोजले की फरक कळतो. पतंगाच्या अळीला ते सामान्यतः पाच जोड्यांपेक्षा जास्त नसतात. मोहरीवरील या अळीला आठ जोड्या असतात.

म्हणजे एकाच प्रजातीतली एक माशी पतंगावर जगते, तर दुसरी मधमाशीच्या नातलगांवर. आपल्या वर्गीकरणात हे दोन यजमान वेगवेगळ्या गणांत आहेत. माशीच्या लेखी मात्र दोन्ही पानावर उघड्यावर बसणाऱ्या अळ्याच. यावरून पहिला धडा असा, की प्रजातीचे नाव हे स्वभावाचे प्रमाणपत्र नव्हे. परकी माशी कोणावर हल्ला करील, हे त्या जातीवर प्रत्यक्ष प्रयोग करूनच ठरवावे लागते.

यशोगाथेत नेमका हाच प्रश्न येत नाही. लेवुआना बाहेरून आलेली कीड आहे, असे गृहीत धरले गेले. फिजीत तिला परिणामकारक शत्रू नव्हता, हे त्याचे एक कारण. पण फिजीबाहेर हा पतंग आजवर कोणाला सापडलेला नाही. तो मूळचा तिथलाच असेल, तर आपण एक जातच संपवली असण्याची शक्यता उरते. त्याच कुलातील हेटेरोपॅन डोलेन्स हा फिजीतला पतंगही या माशीमुळे नाहीसा झाला असावा, असा संशय व्यक्त झाला आहे. याउलट २००३ साली कुरिस या संशोधकाने लेवुआना बाहेरूनच आला असावा आणि तो नामशेष झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असे प्रतिपादन केले. वाद मिटलेला नाही, आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे तो हा वादच.

दुसरी उणीव काळाची. माशी सोडली १९२५ मध्ये, ग्रंथ आला १९३० मध्ये. पाच वर्षांत खोबरे वाचल्याचे कळते. जंगलात काय झाले ते कळत नाही. यश टिकेलच असेही नसते. कॅनडात लार्चवरील करवतमाशीविरुद्ध १९१० ते १९१३ दरम्यान इंग्लंडहून एक परजीवी गांधीलमाशी आणली. सुरुवातीला तिचा चांगला उपयोग झाला. पुढे मॅनिटोबात असे दिसले, की करवतमाशीची अळी शरीरात घातलेल्या अंड्याभोवती स्वतःच्या रक्तपेशींचे वेष्टण तयार करते आणि अंडे आतच मरते.

टॉटहिल यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नारळ हा तिथल्या लोकांच्या अन्नाचा आणि उत्पन्नाचा आधार होता, आणि कीड इतर बेटांवर पसरू लागली होती. हातावर हात धरून बसण्याचीही किंमत होतीच. जैविक नियंत्रण सोडून सरसकट विषारी फवारणीकडे वळावे, असाही याचा अर्थ नाही.

आक्षेप आहे तो 'मित्रकीटक' आणि 'शत्रुकीटक' अशा दोन रकान्यांना. फळ्यावर हे रकाने आखले की विद्यार्थी नावे पाठ करतात आणि प्रश्न विचारणे थांबवतात. त्याऐवजी तीन रकाने आखावेत : कोणता कीटक, कोणत्या ठिकाणी, कोणाच्या दृष्टीने उपयोगी. बेसा रिमोटा नारळ बागायतदाराची मित्र होती. लेवुआनाचे म्हणणे कोणी विचारले नाही. ते विचारायचे काम जीवशास्त्राच्या तासाचे आहे.