सिंहगडच्या पोवाड्यांतील रायबाचें लग्न

शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यावरील संशोधकांचे आक्षेप ठरलेले आहेत, व ते खोटे नाहींत. ता. ४ फेब्रुवारी १६७० च्या छाप्याचें साधन म्हणून तो वाचला तर निराशाच पदरीं येते. जिजाबाई सोंगट्यांचा डाव जिंकून गड मागते, यशवंती घोरपड कडा चढते, उदेभानाचा हत्ती व जनानखाना मध्येंच उभा राहतो. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ त छापलेल्या संग्रहांतील याची भाषाहि तोंडोतोंडीं बदलत आलेली दिसते. याच्या शेजारीं अज्ञानदासाचा अफझुलवधाचा पोवाडा ठेवावा. तो १६५९ च्या प्रसंगाला कितीतरी जवळचा, आणि साधन म्हणून निःसंशय सरस आहे.

परंतु युद्ध म्हणजे काय भोगणें, हा प्रश्न केला तर पारडें फिरतें. अज्ञानदास विजय सांगतो. ऐकणाराची छाती फुगते व तेथेंच काम संपतें. तुळशीदासाच्या हातघाईच्या वर्णनांतहि विशेष असें कांहीं नाहीं. फुगलेले आंकडे व तरवारींचा खणखणाट कोणत्याहि लढाईला लावावा. अंगावर कांटा येतो तो लढाईच्या आधीं. घरीं मुलाचें लग्न निघालें आहे, आणि अशा वेळीं महाराजांचें बोलावणें येतें. श्रोत्यास शेवट ठाऊक असतो. म्हणून मांडवाची प्रत्येक गोष्ट त्याला टोंचत जाते. शाहिराला मृत्यूचें भाकित करावें लागत नाहीं. आधीं कोंढाण्याचें, मग रायबाचें, हें आतां शाळेंतील पोरांच्या तोंडचें वचन झालें असून त्यांतील वीरश्री तेवढी उरली आहे. पोवाड्यांत मात्र तो एका बापानें पुढें ढकललेला मुहूर्त आहे. लग्न अखेर लागतें, तें बापावांचून.

ज्या श्रोत्यांच्या घरचीं माणसें मोहिमेवर जात, त्यांना गडाच्या तटाहून हा मांडव अधिक ओळखीचा असणार. कल्पित घोरपडीबरोबर हा भागहि पाल्हाळ म्हणून टाकून देणें मला चुकीचें वाटतें. प्रस्तुत लेखकानें तेंच केलें होतें. पूर्वी या पोवाड्याचीं टिपणें करतांना गडाचा रस्ता, माणसांचीं नांवें व संख्या एवढेंच उतरून घेतलें. लग्नापुढें ‘अनैतिहासिक’ असा शेरा मारला. त्या टिपणांवरून आज पोवाड्याचा जीव कळत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या दप्तरांत शाहिरांचीं वा गोंधळ्यांचीं बाडें आहेत, त्यांनीं पाठ शुद्ध करण्याच्या भरांत हीं कडवीं गाळूं नयेत. एखाद्या बाडांत लग्नाचा भाग तुटक आढळल्यास पान गहाळ आहे, कीं गाणारानेंच तो सोडला आहे, एवढें तरी शिवण व पृष्ठांक पाहून नोंदवून ठेवावें.