मृत्यूला चकविणारा नायक

चामोर्शीजवळील मार्कंडा क्षेत्राच्या यात्रेकरूंना मृत्यूला परतविणाऱ्या मार्कंडेयाची कथा ठाऊक असतेच. ‘डॉक्टर हू’ या इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेचा नायकहि असाच चिरंजीव; मात्र त्याचा वर दैवी नसून धंद्याच्या अडचणींतून लाभलेला आहे.

बी.बी.सी.ने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. शनिवारीं सायंकाळीं खेळांचा व गाण्यांचा कार्यक्रम यांमधील वेळ तिनें भरावयाचा होता. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौस जन्मलेले. १९६६ मध्यें नायक विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली, तेव्हां देह पालटणारा परग्रहवासी ही युक्ति निघाली. देखावे पुष्कळदां पुठ्ठ्याचे. पण बापाचा डॉक्टर निराळा, मुलाचा निराळा, आणि वाद एकाच घरांत रंगणारा! लोकप्रियतेचें मर्म येथेंच आहे. तरीहि १९८९ मध्यें संस्थेचा उत्साह सरला आणि २००५ पर्यंत मालिका बंद राहिली.

१९७४ सालीं जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत पहिली आली. म्हणजे कल्पकतेची वानवा आपल्याकडे नाहीं. वानवा आहे ती धीर धरणाऱ्या संस्थेची. मार्कंडेय तरला, तो मिठी न सोडल्यामुळें.