बिंदुमेघ आणि वास्तू

लेसर-मापनाच्या साहाय्याने प्राचीन वास्तूंची संगणकीय प्रतिमाने सिद्ध करण्याच्या पद्धतीवर हल्ली जो विश्वास टाकला जातो, त्याची परीक्षा बदनापूरच्या परिसरातील अभ्यासकास दोन वास्तूंच्या आधारे करता येईल. पश्चिमेस वेरूळचे कैलास लेणे आहे, उत्तरेस भोकरदन तालुक्यातील अन्व्याचे महादेव मंदिर. एक खडकातून कोरून काढलेले, दुसरे दगडावर दगड रचून उभारलेले.

यंत्राच्या कार्याविषयी वाद नाही. किरण पृष्ठभागावर आदळून परततो, त्यावरून अंतर निघते, आणि अशा कोट्यवधी बिंदूंचा मेघ काही मिलिमीटरांच्या अचूकतेने हाती येतो. परंतु बिंदुमेघ म्हणजे प्रतिमान नव्हे. आपण भिंतीचे आहोत की तुळईचे, हे बिंदूला ठाऊक नसते. ते प्रतिमानकार ठरवितो, आणि त्याच्यापुढे असते ती आधुनिक बांधकामासाठी केलेली घटकांची यादी. २००९ च्या सुमारास डब्लिन येथे मॉरिस मर्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐतिहासिक वास्तूंसाठी निराळा घटकसंग्रह योजला खरा. तथापि त्याचा आधार युरोपातील जुने वास्तुग्रंथ हाच होता.

कैलासापुढे अशी कोणतीही यादी निरुत्तर होते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या आश्रयाने डोंगर वरून खाली कोरीत नेऊन हे मंदिर घडविले गेले. त्याच्या मंडपात १६ खांब आहेत, वर तुळया दिसतात. पण त्या कोणी आणून खांबांवर ठेवलेल्या नाहीत. खांब, तुळई आणि छत हा एकच अखंड पाषाण आहे. प्रतिमानात ‘तुळई’ अशी नोंद करताच येथे दोन घटक जोडले गेले, असे विधान आपण नकळत करून बसतो. शिल्प्याने बांधीव मंदिराचे रूप खडकात उतरविले; प्रतिमानकार त्या रूपालाच रचना समजतो. प्रेक्षकाने भुलावे हे ठीक, संशोधकाने भुलावे हे नव्हे.

अन्व्यासारख्या मंदिरात प्रमाद उलट प्रकारचा घडतो. तेथे घटक खरोखरच निरनिराळे आहेत. पण सोयीखातर एक खांब नीट रेखून तोच सर्वत्र बसविण्याचा मोह होतो. मग कललेला खांब ओळंब्यात येतो, खचलेले जोते सपाट होते, उघडलेला सांधा मिटतो. मापनात हे सारे होते. ते पुसले मनुष्याने. याउलट, अँड्र्यू टॅलन यांनी २०१० साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे जे मापन केले, त्याचे मोल भिंती-खांबांचा कल व वाकडेपणा जसाच्या तसा टिपण्यात होते. २०१९ च्या आगीनंतर पुनर्बांधणी करणाऱ्यांस ते उपयोगी पडले. त्या जागी सरळ केलेले प्रतिमान असते, तर कधीच नसलेली वास्तू उभी राहण्याचा धोका होता.

शिल्पाच्या पाठीमागे किरण पोहोचत नाही. ओल्या, काळ्या बेसाल्टवरून तो क्षीण होऊन परततो. अशा रिकाम्या जागा संगणक भरून काढतो आणि जोड कोठे आहे हे वाचकास दिसत नाही. मोजलेले कोणते आणि अनुमानिलेले कोणते, हे स्पष्ट सांगावे, असा दंडक २००६ च्या लंडन सनदेने घालून दिला आहे. आपल्या प्रबंधांत तो कटाक्षाने पाळला जावा: मोजलेला भाग एका रंगात, अनुमानित दुसऱ्या रंगात, आणि परीक्षकाहाती प्रतिमानासोबत मूळ बिंदुमेघही. आरंभ अन्व्याच्या सभामंडपापासून करता येईल. तेथील प्रत्येक खांब स्वतंत्रपणे रेखावा, एकाची नक्कल दुसऱ्याच्या जागी ठेवू नये.