तेरा महिन्यांचं प्रकरण

जोशुआ स्लोकमचं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ 1900 साली पुस्तकरूपानं आलं. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. त्यामुळे वाचकाला घाई असते ती मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या वादळांची, आणि पहिलं प्रकरण तो भराभर उलटतो. मला मात्र या पुस्तकाचा प्राण त्या पहिल्या प्रकरणातच सापडतो. त्यात समुद्र फारसा नाही. आहे ते मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावचं एक कुरण, त्यात टेकू लावून उभी केलेली, कॅनव्हासखाली झाकलेली जुनाट बोट, आणि ती एकट्यानं दुरुस्त करायला घेणारा कप्तान.

1892 च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये व्हेलच्या शिकारीतला एक जुना कप्तान त्याला भेटतो आणि म्हणतो, फेअरहेवनला ये, तुला जहाज देतो. थोडी दुरुस्ती मात्र करावी लागेल. दुसऱ्या दिवशी स्लोकम जाऊन बघतो तर ती ‘स्प्रे’. शेजाऱ्यांच्या मते तिचा जन्म सन 1 मधला असावा. सात वर्षं त्या कप्तानाची थट्टा होत होती, आता ती स्लोकमच्या वाट्याला आली. एवढ्यावर एखाद्या लेखकानं आपल्या दुर्दैवाचं पान रंगवलं असतं. स्लोकमकडे त्याला लागणारा ऐवज भरपूर होता. मोठमोठ्या जहाजांवर कप्तानकी केलेला हा माणूस 1884 मध्ये पत्नीला मुकला होता, 1887 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचं ‘अक्विडनेक’ जहाज फुटलं होतं, आणि वाफेच्या युगात शिडाच्या कप्तानाला काम उरलं नव्हतं. प्रकरणात यातलं फार थोडं येतं. जहाजं पुरेशी नव्हती आणि गोदीत काम करायचं तर आधी एका संघटनेला पन्नास डॉलर भरावे लागत होते, एवढंच तो सांगतो. मग कुऱ्हाड उचलतो.

इथून पुढे गद्याची चालच बदलते. जवळचा एक दणकट ओक पाडून तो बोटीचा तळकणा करतो. गावचा एक शेतकरी थोड्या पैशांत तो आणि बाकीचं लाकूड ओढून आणतो. स्लोकम वाफेची पेटी उभारतो. पाणी उकळायला साधं भांडं. सरळसोट रोपटी तासून वाफेत मऊ होईपर्यंत ठेवायची, ओंडक्यावर वाकवायची आणि आकार धरेपर्यंत बांधून ठेवायची, अशा त्या बोटीच्या फासळ्या. उष्णता आणि ओल यांनी लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य सैल होतं आणि गार झालं की नव्या वळणात पुन्हा घट्ट होतं. ज्यानं हे हातानं केलंय त्याला ठाऊक असतं की लाकूड पेटीतून काढल्यावर हातात फार थोडा वेळ असतो. स्लोकमची वाक्यंही तशीच आहेत. क्रियापद वेळेवर येतं, विशेषण क्वचितच.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा नाळेच्या खांबाची. बोटीच्या तोंडाशी उभं राहणारं हे लाकूड कुरणातल्या ओकच्या बुंध्याचं. दाट रानात वाढलेला ओक उजेडासाठी उंच आणि सडपातळ होतो. मोकळ्या माळावरचा ओक वारा सोसत आखूड आणि टणक होतो. खांब बसवला जातो तो त्या उघड्यावरच्या गोदीतला मोठा सण. व्हेलच्या शिकारीतले म्हातारे कप्तान मुद्दाम बघायला येतात आणि पसंतीची मान डोलवतात. आणि लगेच, काही पूर्वसूचना न देता, स्लोकम सांगून टाकतो की याच लाकडानं पुढे कीलिंग बेटांपाशी प्रवाळाचा एक खडक दुभंगला आणि त्याच्यावर ओरखडाही उठला नाही. हिंदी महासागर अजून कितीतरी प्रकरणं दूर आहे, बोट कुरणात आहे, आणि ओकच्या बुंध्यातच तो प्रवाळ आपल्याला दिसून जातो. सुताराला हातातल्या लाकडात त्याचं पुढचं आयुष्य दिसतं. ही दृष्टी स्लोकमनं एका वाक्यात वाचकाच्या हाती दिली आहे.

मग फळ्या येतात. दीड इंची जॉर्जिया पाइन. आतल्या कडा इतक्या चपखल की उजेड दिसू नये, बाहेरच्या कडा किंचित उघड्या. त्या उघडीपीत कापूस ठासायचा आणि वर डांबरी तागाचा थर. बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, फट आवळते आणि कापूस जखडला जातो. कापूस फटीतून सरकून बाहेर येईल अशी शंका काही जाणकारांनी काढली. स्लोकमनं ऐकून घेतलं आणि ठासत राहिला. फळ्यांची टोकं आरपार बोल्ट घालून नटांनी आवळली. असे बोल्ट सगळ्या बोटीत मिळून हजाराच्या आसपास.

नवं लाकूड चढत गेलं तशी जुनी ‘स्प्रे’ विरत गेली. सगळंच बदललं तर बोट तीच राहते का, हा तत्त्वज्ञांचा आवडता पेच. जुन्या जहाजाची दुरुस्ती करत करत ते पूर्ण नवं झालं तरी त्याचं नाव तेच राहतं, हा जहाजांची नोंद ठेवणाऱ्या लॉइड्सचा नियम स्लोकम नोंदवतो, आणि जुनं नेमकं कुठे संपलं हे सांगता येणार नाही, त्यानं काही बिघडतही नाही, असं म्हणून पुढच्या कामाला लागतो. इतका मोठा प्रश्न इतक्या हलक्या हातानं खाली ठेवणं मला थोर वाटतं. ज्यानं प्रत्येक फळी स्वतः बदलली त्याला या प्रश्नाचं ओझं वाटत नाही.

एकाच जागी तो हात सैल सोडतो. सफरचंदं मोहरतात, मागोमाग चेरी येतात. शेजारी एका आदरणीय पिलग्रिम पूर्वजाची समाधी, तिच्यावर चेरीचं झाड, आणि नव्या डेकवरून हात लांबवला की फळ हाताशी. मृत्यू, फळ आणि ताजं तासलेलं लाकूड एकत्र आले असताना स्लोकम भाष्य करत नाही, म्हणूनच ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

हिशेबही त्याच प्रामाणिकपणानं दिलेला. सामानाला 553.62 डॉलर आणि स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत. मध्ये बंदरात कुठल्या व्हेल-जहाजाचं काम मिळालं तर तेही केलं, म्हणून मुक्काम आणखी लांबला. बोट 36 फूट 9 इंच लांब, 14 फूट 2 इंच रुंद. हे परवडेल का, असं लोक वर्षभर विचारत राहिले. परवडवून दाखवीन, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यात फुशारकी नाही, कारण ते देताना त्याच्या हातात हत्यार असे.

24 एप्रिल 1895 ला तो बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898 ला सुमारे 46,000 मैल कापून न्यूपोर्टला पोचला. पण दुरुस्ती कुरणात संपली नव्हती. ग्लॉस्टरला टाकून दिलेली एक होडी त्यानं आडवी कापली, कापलेली बाजू फळ्यांनी बंद केली आणि छोटी नाव बनवली. कपडे धुवायलाही तीच. ब्यूनस आयर्सला डोलकाठी सात फुटांनी आखूड केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत मागे दुसरी छोटी डोलकाठी उभारली. टास्मानियात बोट वर ओढून तळ तपासला, लाकूड पोखरणारा किडा कुठेच लागला नव्हता, तरी तांबेयुक्त रंगाचा आणखी एक हात दिला. पहिलं प्रकरण नीट वाचलेल्याला यात नवल वाटत नाही. लाटा उसळतात तेव्हा स्लोकम आपल्या धैर्याबद्दल फारसं बोलत नाही. कुठला बोल्ट कुठे आहे हे त्याला माहीत आहे आणि आता आपल्यालाही.

आपल्याकडे 2009–10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली आणि बांधणीच्या काळात दोंदे तिथे होते. स्लोकमचं पहिलं प्रकरण वाचताना मला दिवाडीची ती गोदी आठवतेच.

पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. तिथे स्लोकम ‘स्प्रे’ची बांधणी, तिचे आराखडे आणि शिडांची रचना खुली करतो, अनुभवी दर्यावर्दींपुढे संकोच वाटला म्हणून पुस्तकाआधी मासिकात लिहिताना हे सगळं दिलं नव्हतं, असंही सांगतो. त्या आराखड्यांवरून पुढे कितीतरी जणांनी ‘स्प्रे’च्या प्रतिकृती बांधल्या.