नमस्कार करून पाहायचे सिनेमे

२०२२ च्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांत मराठी सिनेमाला जेवढी गर्दी झाली, तेवढी होईल असं करोनाच्या दिवसांत कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातली थिएटरं निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून उघडली. नोव्हेंबरात ‘झिम्मा’नं बायकांचे घोळके आणले, आणि एप्रिल लागता लागता उरलेसुरले निर्बंधही उठले. मी काही समीक्षक नाही. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून जाणारा आणि मध्यंतरात समोशाच्या किमतीवर कुरकुर करणारा प्रेक्षक आहे. पण त्या हंगामातले बरेचसे सिनेमे पाहिल्यावर जाणवलं की पडद्यावर जो तो प्रातःस्मरणीय! बाजीप्रभू, साक्षात शिवाजी महाराज (दोनदा नव्हे, तीनदा), हंबीरराव मोहिते, आनंद दिघे, वसंतराव देशपांडे. ‘झुंड’मधले विजय बोराडेसुद्धा नागपूरच्या विजय बारसे यांच्यावरून बेतलेले. लेखकानं मनानं रचलेलं माणूस शोधायला दिवा घेऊन निघावं लागत होतं.

थोरांवर सिनेमे काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ सालचा, भालजींचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. म्हणजे ही वाट जुनीच आहे. माझी तक्रार कामाच्या क्रमाबद्दल आहे. नायकाला आधी हार घातला जातो आणि मग पटकथा लिहायला घेतली जाते. हार घातलेल्या माणसाला चुकता येत नाही, कोड्यात पडता येत नाही, आणि सिनेमाला तर नेमकं तेच हवं असतं.

‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारीला आला. शिवकाळावर आठ चित्रपट काढायचा दिग्पाल लांजेकरांचा संकल्प आहे. ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’नंतरचा हा तिसरा. पन्हाळा ते विशाळगड ही जुलै १६६० ची दौड शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला पाठ. तोफांचे आवाज झाल्याशिवाय बाजी देह ठेवणार नाहीत, हे माझ्या शेजारच्या चिमुरड्यालाही ठाऊक होतं. तरी शेवटी तो पॉपकॉर्न विसरून उभाच राहिला. शेवट माहीत असलेली गोष्ट सांगून माणसांना खिळवून ठेवणं सोपं नाही, आणि त्याचं श्रेय अजय पुरकरांच्या बाजीप्रभूंना द्यायला हवं. अंगावर जखमा वाढत जातात तसा त्यांचा आवाज खाली उतरतो. आरडाओरडीनं भरलेल्या सिनेमात तो उतरलेला आवाजच लक्षात राहतो.

पण सिद्दी जौहरचं काय? मार्चपासून जुलैपर्यंत, ऐन पावसातही त्यानं पन्हाळ्याचा वेढा उठवला नाही. असा सेनापती ऐरागैरा नसतो. सिनेमातल्या आदिलशाही छावणीत मात्र डोळे वटारण्याखेरीज आणि गडगडाटी हसण्याखेरीज फारसं काम दिसत नाही. शत्रूला इतकं थिल्लर करून ठेवलं की त्याच्या हातून निसटण्याची थोरवीही उणावते, हे आपल्या ऐतिहासिक सिनेमाला कधी उमगणार कोण जाणे. दोन महिन्यांनी, २२ एप्रिलला आलेला ‘शेर शिवराज’ या बाबतीत थोडा उजवा. तिथे प्रसंगच दोन डोक्यांचा आहे. खान जावळीत उतरावा म्हणून महाराज काय काय पसरून ठेवतात, वकील काय बोलतात आणि काय राखून ठेवतात, त्या भागात सिनेमा खरोखर चालतो. मुकेश ऋषींचा अफझलखान नुसता उभा राहिला तरी धाक वाटतो. पुढे वाघनखं निघाली की पुन्हा संथ गती, पुन्हा ढोल.

याच सुमारास मांडलेकरांची गंमत झाली. ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’मध्ये चिन्मय मांडलेकर शिवाजी महाराज, मधल्या मार्चमध्ये ‘द काश्मीर फाइल्स’मध्ये दहशतवादी बिट्टा, आणि एप्रिलअखेरीच्या ‘चंद्रमुखी’ची पटकथाही त्यांचीच. प्रसाद ओक २९ एप्रिलला ‘चंद्रमुखी’चे दिग्दर्शक, तर १३ मे रोजी आनंद दिघे. त्याच १३ मे रोजी प्रवीण तरडे ‘धर्मवीर’चे दिग्दर्शक आणि २७ मे रोजी ‘सरसेनापती हंबीरराव’चे लेखक, दिग्दर्शक आणि नायकही. दोन वर्षं डब्यात अडकलेले सिनेमे एकदम बाहेर पडले हे त्यामागचं कारण खरं. तरीही पाच-सहा माणसांच्या खांद्यावर अख्खा हंगाम पेललेला पाहून कौतुकही वाटलं आणि धास्तीही.

हंबीररावांची गोष्ट तर शेक्सपिअरनं हेवा करावा अशी आहे. सख्खी बहीण सोयराबाई. तिचा मुलगा राजाराम म्हणजे सख्खा भाचा, पुढे जावईही. आणि १६८० मध्ये, महाराज गेल्यावर, हा सरसेनापती बहिणीला सोडून संभाजीराजांच्या बाजूला उभा राहतो. त्या रात्री त्याला झोप कशी लागली असेल? पुन्हा बहिणीसमोर जाताना पाय कसे उचलले असतील? मला हाच सिनेमा पाहायचा होता. तरड्यांचा सिनेमा तिथवर पोहोचतो खरा, पण तोवर लढाया आणि टाळीच्या वाक्यांनी सिनेमाही दमलेला असतो आणि आपणही. तरड्यांना टाळी कुठे पडते ते अचूक कळतं. अडचण एवढीच की ते दर दोन मिनिटांनी ती मागतात. गश्मीर महाजनीनं बापलेक दोघेही केले आहेत, आणि त्यातला संभाजी अधिक जिवंत आहे, कारण त्याला चिडायची मुभा आहे.

‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’ हा या हंगामातला सर्वांत चमत्कारिक सिनेमा. कलाकृती म्हणून प्रसाद ओकनं पेललेला. दाढी, बोटांतल्या अंगठ्या, मान किंचित कलती ठेवून समोरच्याकडे रोखून पाहणं. ठाण्यातली वयस्क मंडळी पडद्याला हात जोडत होती ती उगीच नव्हे. पण या दिघ्यांना कोणी प्रश्न विचारत नाही. भोवतालची माणसं उपकार झालेली तरी, नाहीतर शिक्षा झालेली. टेंभी नाक्यावर रात्री दरबार भरवून न्याय देणारा एक माणूस शहरावर इतकी पकड कशी बसवतो, कोर्टकचेऱ्या आणि पोलीस असताना लोक त्याच्याच दारात का जातात, हा प्रश्न सिनेमाला शिवतच नाही. तो शिवला असता तर ‘सिंहासन’च्या पंगतीला बसेल असा राजकीय सिनेमा हातात होता.

त्यात काळानं भलतीच भर घातली. सिनेमात क्षितीश दातेनं दिघ्यांचा निष्ठावंत शिष्य एकनाथ शिंदे रंगवला आहे. सिनेमा लागून सव्वा महिना होतो न होतो तोच खरे एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. मे महिन्यात ज्यांनी हा सिनेमा गुरुभक्तीची गोष्ट म्हणून पाहिला, त्यांना जुलैत तोच सिनेमा वेगळा दिसू लागला. दिग्दर्शकानं न लिहिलेला इतका मोठा उत्तरार्ध मराठी सिनेमाला क्वचितच मिळाला असेल. (लिहिलेला उत्तरार्ध, ‘धर्मवीर २’, सप्टेंबर २०२४ मध्ये आला.)

श्रद्धेनं काढलेला सिनेमा पोकळच होतो, असंही नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलालांची तुकोबांवरची भक्ती काय लहान होती? तरी त्यांनी घरात आवली ठेवली. पोरं उपाशी आणि नवरा अभंगात, म्हणून ती कडाकडा बोलते, थेट देवालाही सोडत नाही, आणि आपल्याला तिचं म्हणणंही पटतं. पागनिसांचे तुकाराम तिच्यामुळे आभाळातून जमिनीवर येतात. २०२२ च्या थोर पुरुषांच्या घरी आवली नव्हती. औक्षण करणाऱ्या बायका मात्र भरपूर होत्या.

अपवाद ‘मी वसंतराव’चा. १ एप्रिलला, म्हणजे ‘आरआरआर’नंतर आठवड्यानं तो लागला तेव्हा मला खात्री होती की हा घरगुती श्रद्धांजलीचा कार्यक्रम असणार. आजोबांच्या भूमिकेत नातू राहुल देशपांडे, संगीतही नातवाचंच. प्रत्यक्षात निपुण धर्माधिकारीनं काढलेला वसंतराव हा बराच काळ धाडस न होणारा माणूस आहे. लाहोरला उस्तादाकडून मारवा घेऊन आलेला गवई पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं आकडे मांडतो. घराणं कोणतं, हा प्रश्न प्रत्येक मैफलीत त्याच्या पुढ्यात येतो, आणि त्याच्याकडे लोकांना रुचेल असं उत्तर नसतं. तो कुढतो, मित्रांवर चिडतो, त्याची झळ बायकोला बसते. पु. ल. पाठीशी उभे आहेत, तेही त्याला गदागदा हलवून जागं करू शकत नाहीत. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं १९६७ मध्ये. तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. सिनेमा आपल्याला तोवर ताटकळत ठेवतो, आणि ते ताटकळणंच त्याचं कथानक आहे.

अनिता दातेनं केलेली आई ही या हंगामातली सर्वांत उत्तम भूमिका. नवऱ्याचं घर सोडून मुलाला घेऊन नागपुरात राहिलेली ही बाई कुठेही डोळे पुसत उपदेश करत नाही. मुलाच्या गाण्यावर तिचा विश्वास आहे, पण त्याच्या रडगाण्यावर नाही. तीन तासांच्या आसपासची लांबी खटकते आणि मधल्या भागाला कात्री हवी होती, हे खरं. पण राहुल देशपांडेचं गाणं तिथे सजावटीला येत नाही. माणूस जे बोलू शकत नाही ते तो गातो, आणि कधी कधी गाऊही शकत नाही. पुढे जुलैत ६८ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात त्याला सर्वोत्तम पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. बरं वाटलं.

‘झुंड’ हिंदीत बोलतो म्हणून त्याला या यादीतून वगळणं मला जमणार नाही. नागपूरची वस्ती, नागराज मंजुळे, अजय-अतुल, आणि रस्त्यावरून उचललेली पोरं. अमिताभ बच्चन असून सिनेमा त्यांचा नाही, हेच त्याचं यश. पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडत खेळणारी पोरं पाहून निवृत्तीला टेकलेला मास्तर थांबतो, तिथून पुढे ती पोरंच पडदा ताब्यात घेतात. अंकुश गेडामचा डॉन तर असा वावरतो की कॅमेरा आहे हे त्याला कोणी सांगितलंच नसावं. दुसऱ्या भागात ओळखपत्रं, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला यांची रखडपट्टी लांबते. मला ती चालली. ज्यांच्याकडे कागद नसतात त्यांचा वेळ असाच जातो. ‘बायोपिक’ म्हणतात त्या प्रकारात थोर माणसाला बाजूला सरकवायची हिंमत मंजुळेंनी दाखवली, ती बाकीच्यांना झाली नाही.

‘चंद्रमुखी’बद्दल थोडक्यात. विश्वास पाटलांची कादंबरी, अजय-अतुलची गाणी, अमृता खानविलकरची मेहनत. ‘चंद्रा’वर तर लग्नांच्या हळदीपासून गणपतीपर्यंत सगळे नाचले. गाणी संपली की उरणारा खासदार आणि त्याचं राजकारण पुठ्ठ्याचं आहे.

आता राहिली रचलेली माणसं. आदित्य सरपोतदारनं ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या टॉवरला आणि झोपडपट्टीला एकाच पाण्यावरून झोंबींच्या तोंडी दिलं, दचकवतोही, हसवतोही. सचिन कुंडलकरनं ‘पाँडिचेरी’ मोबाइल फोनवर चित्रित केला. तो पाहायला मजा आली, गोष्ट मात्र हाताला फारशी लागली नाही. आणि १७ जूनचा ‘मीडियम स्पाइसी’. इरावती कर्णिकचं लेखन, मोहित टाकळकरचं दिग्दर्शन, तिशीतला गोंधळलेला शेफ ललित प्रभाकर. या सिनेमातली माणसं वाक्यं अर्धवट सोडतात, गप्प बसतात, चुकीच्या माणसावर जीव टाकतात. आमच्या भागात त्याला दिवसाला एकच खेळ होता, तोही दुपारी जेवणाच्या वेळी. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी लावायला सांगितलं, मग ती मोक्याची वेळ दुपारी १२ ते रात्री ९ इतकी रुंद झाली. तेव्हा दुपारचा खेळही नियमात बसतो. पुढच्या शुक्रवारी, २४ जूनला, स्त्रीभ्रूणहत्येवरचा मुक्ता बर्वेचा ‘वाय’ लागला. त्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून गुवाहाटीचं हॉटेल पाहत होता.

थिएटरवाल्यांना दोष देऊन भागणार नाही. शिवरायांच्या सिनेमाला आपण पोराबाळांसह, जिरेटोप घालून जातो, आणि आजच्या माणसाचा सिनेमा ‘ओटीटीवर येईलच की’ म्हणून सोडून देतो. आपण हात जोडून तिकीट काढतो हे निर्मात्याला कळलं की तो पुढच्या वर्षीही मूर्तीच देणार. या हंगामातला एकच सिनेमा पाहायचा असेल तर ‘मी वसंतराव’ पाहा, दुसऱ्याला वेळ असेल तर ‘झुंड’. आणि यापुढे दुपारचा एकुलता एक खेळ लागलेला मराठी सिनेमा दिसला, तर पहिल्याच आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्यात तो बहुधा तिथे नसतो.