दुर्गवाङ्मयातील ‘आपण’

मराठीतील ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. गो. नी. दांडेकरांनी लोकप्रिय केलेल्या दुर्गवाङ्मयाचे अनुयायी वाचकाला ‘आपण’ म्हणत वेल्ह्याहून तोरण्यास, पाली दरवाजाने राजगडास नेतात. पाणी कोठे, मुक्काम कोठे, हे सांगतात. तो मुक्काम कोणाला मिळतो, हे मात्र सांगत नाहीत. अमेरिकेत व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेचा विषय नेमका हाच होता. तेथे वर्ण आधी दिसतो. भोर-वेल्ह्याच्या रानवाटेवर ‘पाव्हणं कुठलं?’ यामागून आडनाव विचारले जाते. दलित वाचक त्या प्रश्नापाशी थबकतो, आणि लेखकाचे ‘आपण’ तेथेच ‘आम्ही’ होते. लेखक ज्यास डोंगराचे आतिथ्य म्हणतो, त्यात त्याच्या आडनावाचाही वाटा असतो. समीक्षेने तो वेगळा काढून दाखविला पाहिजे.